दोन सेटच्या मधे बसायला लाजू नकोस

पत्र: "ताई, मी २७ वर्षांचा आहे, सात महिने झाले जिमला जातोय, धाकटी बहीण पण सोबत असते. सुरुवातीला बेंच प्रेसचं (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायचा व्यायाम) वजन भराभर वाढलं पण आता दोन महिने झाले ५५ किलोवर अडकलोय. पहिल्या सेटला, म्हणजे एका दमात, ९ रेप्स जातात (एकदा ढकललं की एक रेप), दुसऱ्याला ६, तिसऱ्याला कसेबसे ४. जिममधले एक सिनियर दादा म्हणतात सेटच्या मधे ४५ सेकंदांच्या वर थांबायचं नाही, मसल थंड पडतो, पंप (स्नायूचा फुगारा) जातो, मग काही उपयोग नाही. म्हणून मी घड्याळ लावून तेवढंच थांबतो. हल्ली शेवटच्या सेटला उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला दुखतं. बहीण मात्र दीड मिनिटात फ्रेश होते आणि पुढच्या सेटला तितकेच रेप्स मारते, ते बघून मला अजूनच वाईट वाटतं. माझ्याकडे एकच तास असतो, आणि बेंचवर नुसतं बसलं की आपण कामचोरी करतोय आणि सगळे बघतायत असं वाटतं. नक्की किती थांबू? आणि थांबल्यावर करू काय?"

अरे, तुझ्या पत्रात आधी नजर गेली ती त्या तीन आकड्यांवर, ९, ६ आणि ४. बाकीचं नंतर वाचलं. तू कमजोर नाहीयेस आणि तुझी छाती वाढायचीही थांबलेली नाहीये, तू फक्त पहिला सेट पुरता संपायच्या आधीच दुसरा सुरू करतोयस. बार रॅकवर ठेवला की सेट संपला असं आपण धरून चालतो पण दंडाच्या आणि छातीच्या आत काम चालूच असतं, आणि ते उरकायला ४५ सेकंद पुरत नाहीत. बेंचसाठी तुला तीन मिनिटं थांबायचंय. सरळ उत्तर आधी देऊन टाकलं, आता त्यामागचं सगळं सांगते, कारण ते कळल्याशिवाय त्या दादांच्या समोर तीन मिनिटं शांत बसणं तुला जमणार नाही हे मला माहितीये.

बघ, स्नायू आकसायला लागणारी ताकद एटीपी नावाच्या रेणूतून येते, आणि स्नायूत एटीपीचा तयार साठा असतो तो जोर लावला तर जेमतेम काही सेकंदांचा. मग तो संपत कसा नाही? तर बाजूलाच फॉस्फोक्रिएटिन म्हणून दुसरं एक द्रव्य असतं, ते पटकन तुटतं आणि एटीपी परत भरून देतं, पण तेही पूर्ण जोर लावला की साधारण दहा सेकंदांत बरंचसं खर्च होतं, त्याच्यापुढे शरीर साखर जाळून वेळ मारून नेतं आणि तिथूनच ती आग, तो जडपणा, ते हात थरथरणं सुरू होतं. तुझा ९ रेप्सचा सेट तीस-चाळीस सेकंद चालत असेल, म्हणजे सेट संपतो तेव्हा हा साठा चांगलाच खाली गेलेला असतो. तो परत भरताना सुरुवातीला भराभर भरतो, निम्मा साधारण अर्ध्या मिनिटात, एखाद्याला जरा जास्त वेळ, पण उरलेला निम्मा हळूहळू येतो आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. आता तुझे ४५ सेकंद यात कुठे बसतात बघ. निम्मा साठा भरून तू परत बारखाली शिरतोयस. मग ९ चे ६ होणार नाहीत तर काय होईल.

हे काही नवीन नाहीये बरं का. फॉस्फोक्रिएटिनचा शोध लागला १९२७ साली, हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्याने, आणि शोध लागला तेव्हाच हे दिसलं होतं की स्नायूने काम केलं की हे द्रव्य घटतं आणि स्नायूला विसावा दिला की परत तयार होतं. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणजे ते द्रव्य सापडलं तेच मुळी काम आणि विसावा या जोडीतून सापडलं. आणि आपण जिममध्ये त्यातला अर्धाच भाग मनावर घेतो.

अजून एक, आणि हे हाताच्या व्यायामात फार कामाचं आहे. हा साठा परत भरायला ऑक्सिजन लागतो, म्हणजे रक्त खेळतं असावं लागतं. रक्तपुरवठा अडवून ठेवला तर साठा भरतच नाही, वाट कितीही बघ. म्हणून सेट झाल्यावर बार धरून लटकत राहणं, मुठी आवळून बसणं, दुसऱ्या हातात जड डंबेल धरून उभं राहणं हे सगळं टाळ. हात सैल सोड, खाली लोंबू दे, बोटं उघड-मीट कर, हलके झटक. विशेषतः पुल-अप (बारला लटकून अंग वर ओढणं) आणि रोइंगला (वजन पोटाकडे ओढणं), तिथे बऱ्याचदा पाठ दमायच्या आधी हाताची पकड दमते, मनगट ते कोपर हा भाग दगडासारखा होतो आणि आपल्याला वाटतं पाठच संपली. पाठ संपलेली नसते.

आता हिशोब करू. तुझे ९, ६, ४ मिळून १९ रेप्स, ५५ किलोने गुणलं तर १०४५ किलो. समज तीन मिनिटं थांबून तुझे ९, ८, ७ गेले, तर २४ रेप्स, १३२० किलो. त्याच बेंचवर, त्याच तीन सेटमध्ये २७५ किलो जास्त उचललेस, आणि तेही न कण्हता. आठवड्यातून दोनदा बेंच करत असशील तर महिन्याभरात हा फरक कुठल्या कुठे जातो. स्नायूला वाढायचं कारण हे काम देतं, धाप देत नाही. तू दोन महिने तिसऱ्या सेटला ४ रेप्स मारतोयस आणि त्यातले शेवटचे दोन तर खांदे उचलून, कंबर वळवून असणार, म्हणजे छातीला त्यातून किती मिळत असेल सांग.

यावर २०१६ मध्ये व्यायामाचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सोबत्यांचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात आधीपासून व्यायाम करणारे २१ तरुण होते, आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दोन्ही गटांचे व्यायाम तेच, सेट तेवढेच, फरक एकच की एक गट सेटच्या मधे १ मिनिट थांबायचा आणि दुसरा ३ मिनिटं. शेवटी ३ मिनिटंवाल्यांची बेंच प्रेस आणि स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) दोन्हीतली ताकद जास्त वाढली. स्नायूंच्या जाडीत मांडीच्या पुढच्या भागात त्यांची वाढ ठळकपणे जास्त होती, दंडाच्या मागच्या ट्रायसेप्समध्ये कल तिकडेच होता पण तितका पक्का नाही, दंडाच्या पुढच्या बायसेप्सच्या बाजूला फार फरक पडला नाही. हे मी मुद्दाम पूर्ण सांगतेय कारण लोक एकच ओळ उचलतात. २१ माणसं म्हणजे काही जगाचा शेवटचा शब्द नाही, पण ताकदीच्या बाबतीत इतरही बऱ्याच अभ्यासांचं बोट याच दिशेला आहे, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्येच लिहून ठेवलंय की एकापेक्षा जास्त सांधे वापरणाऱ्या जड व्यायामांना २ ते ३ मिनिटं आणि पूरक छोट्या व्यायामांना १ ते २ मिनिटं थांबा.

मग ४५ सेकंदांचं खूळ आलं कुठून? तुझे ते दादा खोटं बोलत नाहीयेत, त्यांनी जे ऐकलं तेच सांगतायत. पूर्वी असं दिसलं होतं की कमी विश्रांती घेऊन बरेच रेप्स मारले की व्यायामानंतर रक्तात ग्रोथ हार्मोन जास्त वर जातं, त्यावरून मग मसल वाढवायचा तर एक मिनिटाच्या आतच थांबायचं असं पसरलं. नंतर लक्षात आलं की हार्मोनची ती उसळी थोड्या वेळापुरती असते आणि तिचा प्रत्यक्ष स्नायू वाढण्याशी फारसा संबंध लागत नाही. पण तोवर तो नियम एका जिममधून दुसऱ्या जिममध्ये, एका दादाकडून दुसऱ्या दादाकडे पोचलेला होता.

मसल थंड पडतो हे तर मनातून काढूनच टाक. नीट वॉर्मअप झालेला असेल तर तीन मिनिटांत स्नायू थंड होत नाही. पंप उतरतो हे खरंय, थोडा उतरतोच, कारण पंप म्हणजे जास्तीचं रक्त आणि पाणी स्नायूत साठलेलं असतं, छान वाटतं, आरशात पण छान दिसतं, पण त्याच्यावर दिवसाचं यश मोजू नकोस. आणि ती जी आग होते ती म्हणजे मसल तयार होतोय असंही नाही. आग झाली, पंप आला, घाम गळला आणि तरी दोन महिने ५५ किलोवरच आहेस, म्हणजे त्या तिन्हीतलं काही तुला पुढे नेत नाहीये हे तू स्वतःच पत्रात लिहिलंयस.

बरं, ते दादा स्वतः ४५ सेकंदांत दणकट झालेत ना, असं तुझ्या मनात येईल. होऊ शकतं. कमी थांबून खूप सेट मारले तरी एकूण काम भरून निघतं, आणि त्यांची बरीच वर्षं गेली असतील यात, तुझे सात महिनेच झालेत. त्यांचं त्यांना लाभलं. तू त्यांना काही पटवून द्यायला जाऊ नकोस, वाद तर अजिबात नको. दादा, चार आठवडे जरा वेगळं करून बघतो म्हण आणि करून बघ.

माझंच सांगते. मी वर्षभर तीन पुल-अपवर अडकले होते. मला ज्यांनी शिकवलं त्यांचा आग्रह असायचा की सारखं हलत राहायचं, बसलं की अंगात आळस भरतो. मी पहिल्या सेटला तीन काढायचे, पाऊण मिनिटात परत बारला लटकायचे, दोन व्हायचे, मग एक, मग नुसतं पाय मारणं. दर वेळी घरी जाताना वाटायचं आपल्याला हे जमणारच नाही, आपलं शरीरच असं. मग एकदा बारच्या शेजारी एक मैत्रीण भेटली, गप्पा मारत बसलो, गप्पांच्या नादात चार मिनिटं गेली, आणि दुसऱ्या सेटला परत तीन निघाले. तिसऱ्या सेटलाही तीन! त्या दिवशी मला रडूच आलं, खरं सांगते, कारण वर्षभर मी स्वतःला नावं ठेवत होते आणि कमी पडत होती ती फक्त तीन मिनिटं. तुझं पत्र हातात घेतलं तेव्हा तेच सगळं डोळ्यासमोर आलं, म्हणून एवढं लांबण लावतेय.

आता कशाला किती. बेंच प्रेस, खांद्यावरून वर ढकलायचा ओव्हरहेड प्रेस, दोन दांड्यांवर अंग खाली-वर करायचे वजन लावलेले डिप्स, पुल-अप, जड रो, या सगळ्यांना ३ मिनिटं धर, अडीच झाली तरी चालेल. पुढे कधी फार जड, म्हणजे एक ते पाच रेप्सचं काम करायला लागशील तेव्हा ३ ते ५. वरचा बार खाली ओढायचा लॅट पुलडाऊन, केबल रो, डंबेल प्रेस मध्यम वजनाने असेल तर २ च्या आसपास. बायसेप कर्ल, केबल खाली दाबायचा ट्रायसेप पुशडाऊन, हात बाजूला उचलायचे साइड रेज, दोरी तोंडाकडे ओढायचे फेस पुल यांना ६० ते ९० सेकंद बहुतेकांना पुरतात, स्नायू लहान, वजन कमी, सगळं अंग त्यात दमत नाही. वॉर्मअपच्या सेटना थांबायची गरज फारशी नाही, रिकामा बार, मग ३० किलो, मग ४५, प्लेटा बदलेपर्यंत जो वेळ जातो तेवढाच बास, पण शेवटचा वॉर्मअप झाला की ५५ च्या आधी दोन मिनिटं थांब. बरेच जण इथेच घाई करतात आणि मग पहिलाच सेट बिघडतो.

मात्र हे आकडे देवाने दिलेले नाहीत. तुझा खरा आकडा तुझी वही सांगेल. रेप्ससोबत किती थांबलास तेही लिहीत जा, फार कोणी लिहीत नाही आणि मग दोन आठवड्यांतला फरक ताकदीचा होता की विश्रांतीचा हे कळायलाच मार्ग उरत नाही. पुढच्या सेटला दोनपेक्षा जास्त रेप्स कमी झाले तर पुढच्या वेळी अर्धा मिनिट वाढव. एकही कमी होत नसेल तर एकतर वजन हलकं आहे किंवा थोडं कमी थांबलं तरी चालेल. घड्याळाव्यतिरिक्त शरीराकडे पण बघ: एक अख्खं लांब वाक्य मधे श्वास न तोडता बोलता येतंय का, हात खांद्यापासून हलके वाटतायत का, आणि बारखाली जायची इच्छा आहे का की पोटात गोळा येतोय. तिन्हीला हो असेल तर जा. घड्याळ तीन मिनिटं म्हणतंय आणि तू अजून धापा टाकतोयस तर अजून थांब, कोणी दंड लावत नाही.

थांबल्यावर काय करू विचारलंस. फार काही करायचं नाहीये. पहिलं अर्धं मिनिट चाल, चार पावलं इकडे चार पावलं तिकडे, नाकाने श्वास घे आणि सोडताना लांब सोड. मग बस. हात मांडीवर सैल. पाण्याचा एखादा घोट. गेल्या सेटचे आकडे वहीत लिही आणि पुढच्या सेटला एकच गोष्ट नीट करायची ठरव, म्हणजे पाठीवरची खांद्याची पाती मागे घट्ट धरायची, किंवा पाय जमिनीत रोवायचे, एकच. छातीचं जोरात ताणून स्ट्रेचिंग मधेच करत बसू नकोस, लांब ताण देऊन धरून ठेवला तर पुढच्या सेटचा जोर थोडा कमी होऊ शकतो, ते शेवटी कर. मोबाईलवर टायमर लावायचा आणि तो पालथा ठेवायचा. हे कळकळीने सांगते, कारण एकदा स्क्रोल सुरू झालं की तीन मिनिटांची सात होतात, त्याने स्नायूचं काही बिघडत नाही पण तुझा एक तास तिथेच संपतो आणि मग विश्रांतीचं नाव खराब होतं.

आणि विश्रांती म्हणजे त्याच स्नायूला विश्रांती, हे विसरू नकोस. बेंचच्या मधल्या वेळात पुश-अप मारणं, किंवा बेंचवरून उठून लगेच डिप्स, डिप्सवरून उठून पुशडाऊन, यात मशीन बदलतं पण ट्रायसेप्स आणि खांद्याचा पुढचा भाग बिचारा तिन्ही ठिकाणी राबतोच, त्याला सुट्टी मिळतच नाही. वरच्या अंगाच्या व्यायामात हे फार होतं कारण ढकलायच्या प्रत्येक गोष्टीत तेच दोन स्नायू असतात आणि ओढायच्या प्रत्येक गोष्टीत तोच बायसेप आणि तीच पकड.

पण याचाच उलटा फायदा घेता येतो आणि तुझ्या एका तासाचा प्रश्न तिथेच सुटतो. ढकलणारे स्नायू वेगळे, ओढणारे वेगळे. बेंचचा एक सेट मार, दीड मिनिट थांब, छाती टेकवून करायच्या रोचा एक सेट मार, दीड मिनिट थांब, परत बेंच. रोचा सेट पाऊण मिनिटाचा धरला तर बेंचच्या दोन सेटमध्ये साडेतीन मिनिटांच्या वर अंतर पडलं, आणि तू बसून राहिलास फक्त दीड-दीड मिनिट. छाती टेकवलेला रो अशासाठी की उभं राहून वाकून केलास तर कंबर दमते आणि ती बेंचला पण लागते. तीन फेऱ्या, साधारण तेरा-चौदा मिनिटं. मग तसंच डंबेल ओव्हरहेड प्रेस आणि लॅट पुलडाऊन, अजून तेवढीच. मग कर्ल आणि पुशडाऊन आलटून पालटून, मधे मिनिटभर, दहा मिनिटांत तीन फेऱ्या होतात. शेवटी साइड रेजचे दोन सेट. आधीचा वॉर्मअप दहा मिनिटं धरला तरी पन्नास-पंचावन्न मिनिटांत मोकळा होशील. यापेक्षा जास्त व्यायाम कोंबतोस का ते तू लिहिलं नाहीयेस, पण ४५ सेकंद थांबून तासभर म्हणजे पंचवीस-तीस सेट होत असणार असा माझा अंदाज आहे, त्यातले दहा तरी सोडून दे. सोडताना जीवावर येईल. तरी सोड.

एक अडचण आहे, गर्दीच्या वेळी बेंच आणि रो दोन्ही अडवून ठेवणं बरं नाही. तेव्हा जोड्या लावायच्या नादी लागू नकोस, उलट जो कोणी बेंचसाठी ताटकळत उभा असेल त्यालाच म्हण, ये, आलटून पालटून करू. तो सेट मारेल तेव्हा तू थांबशील, तू मारशील तेव्हा तो, प्लेटा काढा-घालायच्या वेळेसकट तुझी तीन मिनिटं आपोआप भरतात आणि वर स्पॉटर, म्हणजे बार अडकला तर धरणारा, पण मिळाला. सगळे बघतायत ही जी भीती आहे ना, ती पण यातच जाते. तसं बघितलं तर कोणी बघत नसतं रे, प्रत्येक जण आपापल्या सेटच्या काळजीत असतो. आणि ज्यांची ताकद बघून तुला थक्क व्हायला होतं असे पॉवरलिफ्टिंगवाले कधी सराव करताना बघ, ते पाच-पाच मिनिटं खुर्चीत बसलेले असतात. त्यांना कोणी कामचोर म्हणत नाही.

आता बहीण. ती दीड मिनिटात तयार होते यात तुझा काहीच कमीपणा नाही आणि तिची ती कमाईच आहे, दोन्ही खरं. बायकांचे स्नायू सरासरीने बघितलं तर आपापल्या ताकदीच्या तुलनेत तितक्याच वजनाला पुरुषांपेक्षा उशिरा दमतात आणि सेटच्या मधे लवकर सावरतात, हे बऱ्याच वेळा दिसून आलेलं आहे, शिवाय किलोमध्ये वजन कमी असलं की एकूण ताणही कमी पडतो. सगळ्याच बायकांचं असं होतं असं नाही, मला स्वतःला पुल-अपला तीन मिनिटं लागायचीच. म्हणून तिने तुझ्यासाठी तीन मिनिटं ताटकळायचं कारण नाही आणि तू तिच्यासाठी दीड मिनिटात बारखाली शिरायचं कारण नाही. तिला सांग तुझ्या मधल्या वेळात तिचं रोइंग उरकून घे. तिचे रेप्स टिकतायत म्हणजे तिने आता वजन थोडं वाढवून बघायला हरकत नाही, तिला कोणी हे सांगितलं नसेल तर तू सांग.

खांद्याचं मला जास्त टोचलंय. शेवटच्या सेटलाच दुखतं म्हणालास, म्हणजे दमल्यावर खांद्याची पाती सैल सुटत असणार, कोपरं बाहेर फाकत असणार आणि भार खांद्याच्या पुढच्या भागावर येत असणार, असं मला वाटतं, बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. नीट थांबून हे कमी व्हायला हवं. पहिले दोन आठवडे ५५ वरून ५० वर ये, कोपरं अंगापासून साधारण अर्ध्या काटकोनात ठेव, बार छातीवर आपटू नकोस आणि टाकीत एक-दोन रेप्स शिल्लक ठेवून सेट थांबव. तेवढ्याने गेलं तर उत्तम. पण दोन आठवड्यांत कमी झालं नाही, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, हात वर नेताना अडकतो, बोटांना मुंग्या येतात असं काही असेल तर बेंच बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवायचं, माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघायची नाही. छातीत दाब वाटला, चक्कर आली, जबड्याकडे किंवा हाताकडे दुखणं सरकलं तर ते व्यायामाचं दुखणं समजू नकोस, तिथल्या तिथे थांब आणि तातडीने दवाखाना गाठ. रक्तदाब कधी मोजला नसशील तर एकदा मोजून घे, कारण जड सेटमध्ये श्वास कोंडून ढकलताना तो काही क्षण बराच वर जातो.

एकटा असशील तेव्हा बेंचच्या दोन्ही बाजूंचे सेफ्टी बार लावल्याशिवाय शेवटच्या रेपच्या मागे लागू नकोस. बार छातीवर अडकतो तो बहुतेक वेळा दमलेल्या तिसऱ्या सेटलाच.

तर पहिला आठवडा ५० किलो, तीन सेट, ८-८-८ आणि मधे तीन मिनिटं, सोपं वाटेल, वाटू दे. दुसऱ्या आठवड्यात तेच पण ९-९-९. खांदा गप्प असेल तर तिसऱ्यात ५५ वर परत ये आणि बघ तीन सेटला किती निघतात. तिन्ही सेटला ८ निघाले की अडीच किलो वाढव, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा, एकदम पाच नको. चार आठवडे झाले की वहीचं पान जसंच्या तसं लिहून पाठव, बहिणीचं पण, आणि खांद्याचं काय झालं ते सगळ्यात आधी लिही.

तुझी,
ताई